आधी कोण, मागून कोण?

जालना जिल्हा 1981 साली झाला. येथले जुने महसुली कागद मात्र निजामी अमदानीतले, फसली सनाचे. फसली 1331 हे वर्ष 6 ऑक्टोबर 1921 रोजी लागले. म्हणजे इसवी सन काढताना डिसेंबरअखेरपर्यंत 590 मिळवायचे, पुढे 591. सरसकट 590 मिळवले, की जानेवारी 1922 ची नोंद जानेवारी 1921 ची होते आणि नोव्हेंबर 1921 च्या नोंदीला मागे टाकते. वारसाचा दावा तेवढ्याने फिरतो.

ही चूक केवळ कारकुनाची नव्हे. संगणकाची लिनक्स प्रणाली प्रत्येक फाइलवर बदलाची वेळ नोंदवते. 2023 साली ती वेळ अधिक बारीक मोजावी म्हणून प्रणालीच्या गाभ्यातील ते काम नव्याने मांडले गेले. चाचणीत आढळले, की मागाहून बदललेली फाइल कधीकधी आधीची दिसते. पक्की आवृत्ती निघण्यापूर्वीच तो बदल मागे घेतला. क्रम राखण्याची तजवीज झाल्यावर 2025 च्या आवृत्तीत तो आला.

कामगारांच्या ज्येष्ठता यादीतही एवढेच असते : आधी कोण, मागून कोण. कपात आली की शेवटी लागलेला प्रथम जातो. तेव्हा हिशेबाची रीत खुशाल बदला; पण क्रम पडताळल्यावाचून सही करू नका.