न मागितलेली पॅकेजेस आणि हरवलेले कुलूप

लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम घेतला की तो सहसा एकटा येत नाही. त्याला लागणारी इतर पॅकेजेस, म्हणजेच डिपेन्डन्सी, त्याच्यासोबत उतरतात. 1993 मध्ये सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स वितरणाने या पॅकेजांच्या पायऱ्या ठरवल्या: काही अत्यावश्यक, काही शिफारस केलेली, काही नुसती सुचवलेली. 2009 च्या ‘लेनी’ आवृत्तीपासून शिफारस केलेली पॅकेजेसही आपोआप बसू लागली. नवख्यांची सोय झाली, पण न मागितलेला पसाराही वाढला. सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही मराठीतही वापरता येणारी प्रणाली डेबियनवरच उभी असल्याने हा वारसा तिच्याकडेही आला.

असे अवलंबित्व काय करू शकते, हे न्हावा-शेवा बंदराने 27 जून 2017 रोजी पाहिले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम पसरला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि त्यामुळे या बंदरातले गेटवे टर्मिनल्स हे टर्मिनल ठप्प झाले. कोणता कंटेनर कोणाचा, हेच कळेना. तो हल्ला विंडोजवरचा होता, पण लिनक्सही सुरक्षित नव्हते. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपणाच्या लायब्ररीत चोरवाट सापडली. दूरच्या संगणकावर लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचला ही लायब्ररी मुळात लागतच नाही. काही वितरणांनी ते सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीशी जोडले होते आणि सिस्टमडीमागून एक्सझेड आत आली होती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांनी पाठपुरावा केला, म्हणून ती चोरवाट वेळेत उघडकीस आली.

नको ते असे आत येत असताना, हवे ते मात्र गळत गेले. फाइल कूटबद्ध करणारे जीपीजी 1999 पासून स्थिर रूपात उपलब्ध आहे. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘एन्क्रिप्ट’ निवडता येई. पण ती सोय किल्ल्या सांभाळणाऱ्या सीहॉर्सच्या वेगळ्या जोडपॅकेजावर टांगलेली होती. 2014 नंतर त्याची देखभाल मंदावली आणि 2022 मध्ये फाइल मॅनेजरची जोडणीची पद्धतच बदलली. उबंटूने 2018 मध्ये इन्स्टॉलरमधून होम फोल्डर कूटबद्ध करण्याचा पर्याय काढला आणि संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याचा सल्ला दिला. मात्र संगणक सुरू असताना डिस्कचे कुलूप उघडेच असते. तेव्हा एकट्या फाइलला त्या कुलपाचा आधार नसतो. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपने 2017 मध्ये ‘व्हॉल्ट’ आणून ही उणीव काही अंशी भरली.

जीपीजी बहुतेक लिनक्स संगणकांत आधीपासूनच असते, पण ते वापरायला अनेकदा टर्मिनल उघडावे लागते. फाइलचे कुलूप फाइल मॅनेजरच्या गाभ्यातच असायला हवे.