बाजार थांबतो तेव्हा

परवा दुपारी तीनच्या सुमारास क्रांती चौकात उड्डाणपुलाखाली भाच्याची वाट पाहत उभा होतो. आला तो मोबाईलवर बोट आपटतच. "मामा, विकायला टाकलेत, पण ऑर्डर जातच नाही. नुसतं गोल गोल फिरतंय." साडेतीनला बाजार बंद झाला आणि त्याचे शेअर्स तसेच राहिले. चिडून म्हणाला, "तुमच्या काळी बरं होतं. समोर निदान माणूस तरी असायचा."

मला हसू आलं. आमचा काळ त्याला कोणी सांगितलेलाच नाही. म्हणून हे टिपण.

मुंबईच्या शेअर बाजाराची रीतसर संघटना १८७५ सालची. तेव्हापासून १९९५ पर्यंत दलाल स्ट्रीटवर व्यवहार व्हायचा तो ओरडून आणि हातवारे करून. सौदा झाला की दोघे आपापल्या वहीत खरडणार आणि संध्याकाळी ताळा जुळवणार. जुळला नाही तर वांधा! आम्ही इथे तेव्हाच्या औरंगाबादेत बसून काय पाहणार? भाव कळायचा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात. दलालाने सांगितला तो भाव खरा मानायचा, कारण तो तपासायची सोयच नव्हती.

माझंच उदाहरण देतो. १९९४ मध्ये पन्नास शेअर्स विकले. सर्टिफिकेट आणि सही केलेला हस्तांतरणाचा फॉर्म पाठवला. तीन महिन्यांनी सगळं बाड परत! शेरा काय, तर सही जुळत नाही. वर्षाला शेकडो प्रगतिपुस्तकांवर सही करणारा मास्तर मी, आणि माझी सही माझी नाही. तोवर भाव पार खाली गेला होता. समोर माणूस होता, हे खरं. पण "मी काय करू गुरुजी?" यापलीकडे त्याच्याकडेही उत्तर नव्हतं.

१९९२ चा हर्षद मेहता घोटाळा झाला आणि बाजार उघड्यावर आणायची निकड सर्वांना पटली. ३ नोव्हेंबर १९९४ ला नॅशनल स्टॉक एक्सचेंजवर शेअर्सचे व्यवहार संगणकावर सुरू झाले. उपग्रहामार्फत गावोगावचे दलाल त्याला जोडले गेले. नियम दोनच : आधी भाव, मग वेळ. चांगला भाव देणारा पुढे, आणि भाव सारखा असेल तर आधी आलेला पुढे. रेशनच्या रांगेत आयुष्य काढलेल्या आमच्या पिढीला यातली किंमत लगेच कळली. या रांगेत ओळखीने कोणी मध्ये घुसणार नव्हतं. जुन्या बाजारानेही १४ मार्च १९९५ ला 'बोल्ट' ही संगणक प्रणाली आणली. पण एका वर्षाच्या आत नवा बाजार उलाढालीत पुढे गेला. १९९६ च्या नोव्हेंबरात एनएसडीएल सुरू झाली, शेअर्स डीमॅट होऊ लागले आणि सहीचा जाच हळूहळू संपला.

मग अपेक्षा वाढल्या. यंत्र आहे म्हणजे ते बंद पडणारच नाही, असं आम्ही धरून चाललो.

२२ जानेवारी २००८. आदल्या दिवशी सेन्सेक्स १४०० अंकांनी कोसळला होता. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले शेअर्स मिळेल त्या भावाला विकायचे, असं ठरवून मी सकाळीच दलालाच्या ऑफिसात गेलो. बाजार उघडला आणि थोड्याच वेळात पडद्यावरचे आकडे गोठले. "मशीन बंद पडलं!" म्हणून आम्ही सगळे पेन्शनर एकदम ओरडलो. टर्मिनलवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, मशीन ठीक आहे. दहा टक्के पडलं की तासभर बाजार थांबवायचा नियमच आहे." आम्ही खाली जाऊन चहा घेतला. त्या तासात माझं डोकं ताळ्यावर आलं आणि मी लग्नाला लागतील तेवढेच विकले. दिवसअखेर बाजार बराच सावरला होता.

याच्या उलट २४ फेब्रुवारी २०२१. सकाळी ११.४० ला नॅशनल स्टॉक एक्सचेंज तांत्रिक बिघाडाने थांबलं. मुंबईचा जुना बाजार चालू होता. कधी सुरू होणार, हे दुपारभर कळेना. दिवसाचे सौदे संध्याकाळपर्यंत मिटवावेच लागतात, म्हणून कित्येक दलालांनी ग्राहकांचे सौदे दुसऱ्या बाजारात मिळेल त्या भावाला मिटवले. आणि मग जाहीर झालं की ३.४५ ते ५ पुन्हा व्यवहार होतील! त्या दिवशी सेन्सेक्स हजारावर अंकांनी वर बंद झाला. ज्यांचे सौदे आधीच मिटवले गेले होते, त्यांना काय वाटलं असेल? पुढे सेबीने नियम कडक केले. बिघाड झाला की किती मिनिटांत पर्यायी केंद्रावर जायचं, हेही ठरवून दिलं.

दोन्ही दिवशी बाजार थांबलाच होता. पण पहिल्या दिवशी का थांबला आणि कधी सुरू होणार, हे सांगता आलं. दुसऱ्या दिवशी ते आलं नाही. वर्गात गुरुजी दहा मिनिटांत येताहेत असं सांगितलं तर पोरं बसून राहतात. न सांगता सोडलं की गोंधळ होतो, आणि दोष मात्र पोरांच्या माथी.

भाच्याला म्हटलं, मागे जाण्यात अर्थ नाही. माझी सही तीन महिन्यांनी परत आली होती, तुझी ऑर्डर तीन मिनिटांत अडकली. त्रास तोच : विचारायचं कोणाला? निदान तुझ्याकडे वेळेची नोंद आहे, माझ्याकडे तीही नव्हती. पडद्याचा फोटो ठेव, वेळ लिही, लेखी तक्रार कर. आणि लग्नाचे, फीचे पैसे शेवटच्या अर्ध्या तासावर ठेवू नकोस.

त्याने रात्री तक्रार पाठवली. चार दिवस झाले. "आपली तक्रार नोंदवली आहे" एवढं उत्तर आलंय, तेही यंत्राचंच. रोज संध्याकाळी मी त्याला विचारतो. माणूस बोलला की इथे कळवीनच.