बोटीच्या इंजिनावरची खाणीतली जाळी

जुन्या अमेरिकन इनबोर्ड बोटीत पेट्रोल इंजिनावरचं झाकण उचललं की कार्ब्युरेटरच्या तोंडावर धातूचा जाळीदार डबा दिसतो. अनेकांना तो एअर फिल्टर वाटतो. तो असतो फ्लेम अरेस्टर, आणि त्याचं कूळ निघतं थेट इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणीत.

२५ मे १८१२ रोजी फेलिंगच्या खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ जण गेले. पुढे रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने खाणीतल्या दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली, चौरस इंचाला ७८४ भोकं. आतला वायू पेटला तरी ज्वाळा बाहेर येत नाही, कारण भोकातून जाताना तिची उष्णता तार शोषून घेते. बॅकफायर झाल्यावर कार्ब्युरेटरमधून उलट्या येणाऱ्या ज्वाळेला अरेस्टर असंच थोपवतो.

आता वादाचा भाग: असा दिवा आधी कुणी शोधला? रेल्वेवाला जॉर्ज स्टीफन्सन तेव्हा किलिंगवर्थच्या खाणीत यंत्रं सांभाळत होता. त्याने ऑक्टोबर १८१५ मध्येच आपला दिवा वायूत नेऊन पाहिला होता. त्यात जाळी नव्हती, हवा अरुंद नळ्यांतून आणि भोकांतून आत येई. डेव्हीने त्याला चोर ठरवलं. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने मात्र दोघांचाही हक्क मान्य केला. मला स्टीफन्सनचं पारडं जड वाटतं. बऱ्याच अरेस्टरांत विणलेली जाळी नसते. नागमोडी पत्र्याच्या पट्ट्यांमधून खोल, अरुंद वाटा काढलेल्या असतात. हे रूप नळ्यांच्या जवळचं. डेव्हीचे पाठीराखे म्हणतील, त्याचे पहिले नमुनेही नळ्यांचेच होते. खरं आहे, आणि नळीतून ज्वाळा जात नाही हे त्याच्याही आधी रसायनशास्त्रज्ञ स्मिथसन टेनंटने पाहिलं होतं. तरी डेव्ही नळ्या सोडून जाळीकडे वळला, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या इनबोर्ड पेट्रोल इंजिनांना बॅकफायरची ज्वाळा रोखणारी सोय सक्तीची झाली.

ही सक्ती बोटीलाच का, ते कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो झाला की कळतं. पेट्रोल अडवणाऱ्या नीडलखाली कचरा अडकला किंवा ती नीडल बंद करणाऱ्या तरंगत्या फ्लोटला भोक पडून तो बुडाला, की पेट्रोल थांबत नाही. गाडीत ते रस्त्यावर गळतं. बोटीत ते तळाशी साचतं, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तिथेच बसून राहते. म्हणून बोटीच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट चेंबरची हवानळी बाहेर न काढता घशात वळवलेली असते. सांडलेलं पेट्रोल इंजिनातच जावं, हा हेतू.

जाळीची मर्यादा खाणीतच कळली होती: तार लाल होईपर्यंत तापली किंवा वाऱ्याचा जोर लागला की ज्वाळा पलीकडे जाई. स्टार्टरच्या ठिणगीवर तर अरेस्टरचा काहीच इलाज नाही. तेव्हा पेट्रोलचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका. झाकण उघडा, माणसं उतरवा, गळती बंद करा. एरवीही सुरू करण्याआधी तळातली वाफ बाहेर ओढणारा ब्लोअर निदान चार मिनिटं चालवा. आणि स्वस्त मिळाला म्हणून गाडीचा कार्ब्युरेटर बोटीला कधीही बसवू नका.