पाणपोई आणि पाणक्या

वाटसरूला विकत न घेता पिण्याचे पाणी मिळावे यासाठी पश्चिम भारतात फार जुन्या काळी जी व्यवस्था उभी राहिली, तिचे संस्कृत नाव प्रपा असून मराठीत तिला पाणपोई म्हणतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतील 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील जो लेख आहे, त्यात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथील धर्मशाळांबरोबरच तापी, दमण, डहाणुका आदी सहा नद्यांवर मोफत नावा ठेवल्याचा आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा बांधल्याचा उल्लेख येतो. शूर्पारक म्हणजे आजचा नालासोपारा. ज्या पट्ट्यातून आज लक्षावधी माणसे लोकलने मुंबईकडे जातात, त्याच पट्ट्यात प्रवाशाच्या तहानेची तजवीक सुमारे 1,900 वर्षांपूर्वी राजकुलाने आपले कर्तव्य मानली होती, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी इतक्या मोलाची आहे. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत तर प्रपेवर पाणी पाजणाऱ्या स्त्रीला ‘पावालिआ’ असा स्वतंत्र शब्द आढळतो, आणि पुढच्या मराठीने पाणी भरणाऱ्या व पाजणाऱ्या माणसाला पाणक्या हे नाव दिले. पाणपोईचा विचार करताना वास्तूआधी हे माणूस ध्यानात घ्यावे लागते.

धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांनी, म्हणजे व्रते, दाने व विधी यांचे नियम एकत्र करणाऱ्या ग्रंथांनी, चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून उन्हाळाभर चालवायचे दान म्हणून प्रपादान सांगितले, आणि त्या रूढीमुळे गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावी मांडव पडू लागले. मांडवाखाली वाळूत अर्धवट रोवलेले रांजण, त्यांभोवती गुंडाळलेले ओले फडके, पाण्यात सोडलेली वाळ्याची जुडी आणि लांब दांड्याचे ओगराळे एवढाच तिचा सरंजाम असे. परंतु रांजणाच्या सच्छिद्र अंगातून झिरपणारे पाणी हवेत विरताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, ओगराळ्यामुळे पिणाऱ्याचा हात साठ्यात बुडत नाही आणि ओंजळीने प्यायल्यामुळे भांडे उष्टे होत नाही, हे पाहिले म्हणजे ही रचना किती विचारपूर्वक घडली होती ते कळते. दुर्दैवाने वरून सोडलेल्या त्याच धारेने अस्पृश्यताही सांभाळली. कोणाला पाणी वाढायचे, किती उंचीवरून वाढायचे आणि कोणाला मुळीच वाढायचे नाही हे ओगराळे धरणारा हात ठरवीत असे, आणि त्या हाताच्या मागे सारा गाव उभा असे.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी आणून शहरातील हौदांत सोडण्यात आले. त्या नळाला हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी ठेवलेल्या बांधीव झरोक्यांना उच्छ्वास म्हणत. या योजनेने पाणी घराजवळ आणले, परंतु ते सर्वांचे झाले नाही. जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा शहरात इतके हौद असताना एका घरच्या हौदाला हे करावे लागले, यातच त्या व्यवस्थेचा दोष उघड होतो. पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा 1923 चा मुंबई कायदेमंडळातील ठराव सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या पाणवठ्यांना लागू होता. त्यात पाण्याचा हक्क पैसा कोणाचा या प्रश्नाशी स्पष्टपणे जोडला गेला. महाडच्या नगरपालिकेने तो ठराव स्वीकारूनही चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी हजारोंसह तेथे जावे लागले, आणि त्या तळ्याच्या हक्कावरून न्यायालयात गेलेल्या वादाचा अखेरचा निकाल 1937 मध्ये लागला.

मुंबईची गोष्ट निराळी आहे. बेटावरच्या विहिरी व तलाव वाढत्या वस्तीला पुरेनासे झाल्यावर 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, आणि दानशूर व्यापाऱ्यांना पुण्यकर्मासाठी एक नवे साधन मिळाले. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी पिण्याच्या पाण्याची 40 कारंजी शहराला दिली; मशीद बंदरजवळ केशवजी नाईक यांचे घड्याळाच्या मनोऱ्यासह कारंजे 1876 मध्ये उभे राहिले; आणि कोटात रतनशी मुळजी जेठा यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ 1894 मध्ये बांधलेल्या कारंज्याच्या माथ्यावर त्या मुलाचा पुतळा बसवला गेला. गुजराती व हिंदी भाषकांच्या तोंडी त्यांना प्याऊ हे नाव पडले आणि ते मुंबईच्या मराठीतही रुळले. नुसत्या शोभेसाठी उभारलेल्या फ्लोरा फाउंटनपेक्षा या लहान वास्तूंनी शहराची सेवा अधिक केली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. त्यांच्या जागा गोदी, बाजार आणि गाड्यांचे तळ पाहून निवडल्या गेल्या, कारण मालाची वाहतूक बैलांच्या बळावर चाले. म्हणून माणसांसाठी वर तोटी आणि जनावरांसाठी खाली दगडी कुंडी, अशी दुहेरी मांडणी अनेक ठिकाणी दिसते.

नळाची तोटी जात विचारत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिच्या येण्याने पाणक्याही गेला. दगडी काम दात्याचे, पाणी नगरपालिकेचे आणि देखरेख मात्र निश्चितपणे कोणाचीच नाही, अशी स्थिती झाल्यावर बैलगाड्या रस्त्यावरून हटताच कुंड्या कोरड्या पडल्या, पुढे तोट्याही सुकल्या आणि रस्तारुंदीच्या कामांत कित्येक प्याऊ आडोशाला गेले. बिसलेरीचे बाटलीबंद पाणी 1965 मध्ये मुंबईत आले, तेव्हा ते काही मोजक्या लोकांसाठी होते. तोटीवरचा विश्वास जसजसा उडत गेला, तसतशी बाटली सामान्य प्रवाशाच्या हाती आली. अलीकडे काही प्याऊंचे दगडकाम कसोशीने दुरुस्त करून त्यांत पुन्हा पाणी सोडले गेले आहे. रेल्वेने 2015 च्या सुमारास स्थानकांवर शुद्ध पाण्याची यंत्रे बसवली, जेथे प्रवाशाने आणलेल्या भांड्यात 300 मिलिलिटर पाणी 1 रुपयात भरून मिळे आणि ते भरून द्यायला बहुधा एक माणूस बसलेला असे. पाणक्या अशा रीतीने काही काळ परतला होता. परंतु त्याची नेमणूक कंत्राटावर अवलंबून होती, आणि काही वर्षांतच मुंबईच्या फलाटांवरची यांतली बरीच यंत्रे बंद पडली.