विज्ञान-प्रज्ञाशोधाची वाटचाल

गुणी विद्यार्थ्यांना शालेय वयातच हेरून मूलभूत विज्ञानाकडे वळवावे, या हेतूने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९६३ साली एक योजना आरंभिली. प्रारंभ बेताचाच होता : केवळ दिल्लीपुरती, अकरावीच्या वर्गासाठी, अवघ्या १० शिष्यवृत्त्या. पुढल्याच वर्षी ती देशभर पोहोचली आणि शिष्यवृत्त्या ३५० झाल्या.

तिचे वेगळेपण निवडीच्या रीतीत होते. लेखी चाचणीबरोबर वैज्ञानिक विषयावर निबंध लिहावा लागे, प्रकल्पाचा अहवाल सादर करावा लागे, शिवाय मुलाखत होई. निव्वळ पाठांतरावर निभावून नेण्याची सोय त्यात फारशी नव्हती. शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यालाच मिळे आणि थेट पीएच.डी.पर्यंत चाले. ‘डॉक्टर की इंजिनिअर?’ एवढाच प्रश्न घरोघरी विचारला जात असताना, भौतिकशास्त्र वा गणित निवडू पाहणाऱ्या मुलाला (मुलीला तर अधिकच) हा भक्कम आधार होता.

१९७६ मध्ये १०+२+३ या आकृतिबंधाबरोबर योजनेचे रूप पालटले. सामाजिक शास्त्रे, अभियांत्रिकी व वैद्यक यांचा समावेश झाला, शिष्यवृत्त्या ५०० झाल्या. निबंध व प्रकल्प जाऊन वस्तुनिष्ठ चाचण्या आल्या. दार रुंदावले, हे स्वागतार्हच. परंतु केवळ विज्ञानासाठी राखलेली वाट त्या गर्दीत हरपली.

प्रकल्पाची ती परंपरा मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी मात्र जपली. १९८१ पासून त्यांनी चालविलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी व नववीची मुले लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाला बसतात, प्रकल्प मांडतात. आणि ही स्पर्धा मराठीतूनही देता येते.