वही जाळली, आता वही मागू या

हप्ता थकला की वसुलीवाला दारात येतो आणि आवाज चढवतो. शेजारच्या चार घरांना ऐकू गेले पाहिजे, हाच त्यामागचा हेतू. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. घरातली बाई कुठून तरी उसने पैसे आणते, त्याच्या हातावर ठेवते आणि पावतीसुद्धा मागत नाही. वर आम्हालाच सांगते, "कर्ज घेतलंय ना ताई, मग ऐकून घ्यावंच लागतं." हे 'ऐकून घ्यावंच लागतं' आले कुठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावात शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि वह्या. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव चढला होता, तेव्हा कर्ज सहज मिळत होते. युद्ध संपले, भाव कोसळला, सरकारने शेतसारा मात्र वाढवला. सावकार रोखा घेऊन कोर्टात जाई आणि कोर्ट रोख्यावरचा आकडा खरा धरी. अंगठा देणाऱ्याला प्रत्यक्षात किती पैसे मिळाले, हे कोण विचारणार?

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. सावकाराने पावती आणि हिशेब दिलाच पाहिजे, असे ठरले. म्हणजे पावती मागण्याचा हक्क आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षे जुना आहे! तरी तो वापरात का आला नाही? जोतीरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याचे उत्तर दिले आहे. ज्याला अक्षर येऊ दिले नाही, तो कागदाच्या राज्यात लुटला जातो.

आणि ज्यांच्याकडे गहाण टाकायला जमीनच नव्हती त्यांचे काय? आपल्या आजा-पणजांनी उचल घेतली आणि अंगमेहनत गहाण टाकली. सालगड्याचे साल संपे, कर्ज संपत नसे. बाप गेला की पोरगा त्याच दावणीला. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीवर बंदी घातली, तरी कर्जापोटी राबवून घेणाऱ्याला शिक्षा ठरवणारा वेठबिगार निर्मूलन कायदा यायला १९७६ साल उजाडले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ गरिबीमुळे फेडता येत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकणे कलम २१ मध्ये बसत नाही.

कायदा बदलला, पण 'कर्जदार म्हणजे खालच्या मानेचा' ही समजूत गेली नाही. जातीने शिकवलेली खालची मान वसुलीवाल्याला आयती मिळते. आमचा मुद्दा हाच आहे. तो कायद्याच्या नव्हे, आपल्या लाजेच्या जोरावर वसूल करतो.

कोणी विचारेल, "तुम्ही कर्ज बुडवायला शिकवता का?" मुळीच नाही. घेतलेले फेडायचेच. पण कर्ज हा दोघांमधला करार आहे आणि करारात दोन्ही बाजूंना हक्क असतात.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार थकीत कर्जासाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. बायकांच्या गटांना मिळणाऱ्या मायक्रोफायनान्स कर्जासाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. तिथे वसुली ठरलेल्या ठिकाणीच व्हायची. कर्जदार सलग दोन किंवा अधिक वेळा तिथे आला नाही, तरच घरी यायचे. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास यांना मनाई आहे.

म्हणून अनोळखी माणूस दारात आला की आधी ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र मागा. मुद्दल किती, व्याज किती, भरले किती, याचा लेखी हिशेब मागा. पावतीशिवाय रुपयाही देऊ नका. फोनवर "पोलीस पाठवतो" म्हणणाऱ्याला घाबरू नका, हप्ता थकणे हा गुन्हा नाही. मात्र चेक दिला असेल आणि तो वटला नाही, तर वेगळा खटला होऊ शकतो, हे लक्षात असू द्या. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, माहितीसाठी क्रमांक १४४४८ आहे. खासगी सावकार असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली त्याचा परवाना विचारा. सावकारीत गेलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

आणि हे एकटीने करू नका. वसुलीवाला आला की शेजारच्या दोघींनी येऊन शेजारी बसावे, एकीने बोलणे लिहून घ्यावे. आवाज आपोआप खाली येतो, हे आम्ही पाहिले आहे.

सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद वाचता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो जाळला. बाबासाहेबांमुळे आपण वाचायला शिकलो. आता वही उघडायला लावू या.

जयभीम!