मूक चित्रांतील गाणें

रस्त्यावर गाऊन-वाजवून पोट भरण्याचा धंदा जगांत फार पुरातन आहे. त्या धंद्यांतील माणसांचीं छायाचित्रें घेण्याचा प्रघात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. या दोहोंच्या भेटींत एक मूळचीच अडचण आहे. गवयाचें सारें धन त्याच्या सुरांत असतें, आणि छायाचित्राला वाचा नाहीं. मग अशा चित्राची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी? पॅरिस, लंडन आणि हंगेरींतील एक गांव येथील चार चित्रें क्रमानें पाहिलीं असतां या प्रश्नाचें उत्तर हातीं येण्यासारखें आहे.

शार्ल नेग्र (१८२०–१८८०) हा मूळचा चित्रकार. दलारोश या नामांकित चित्रकाराच्या हाताखालीं तो शिकला. पॅरिसांत सेन नदीच्या एका बेटावर, बूर्बों घाटावरील २१ क्रमांकाच्या घरांत तो राहत असे. १८५३ च्या सुमारास त्यानें मूठ फिरवून वाजविण्याचा ऑर्गन घेऊन हिंडणाऱ्या एका वादकाचें चित्र आपल्या दारापाशींच घेतलें. इटलीहून आलेल्या फिरत्या वाजंत्र्यांचींही चित्रें त्यानें त्याच घराच्या आवारांत घेतलीं. निगेटिव्ह कागदाचें असल्यामुळें बारीकसारीक तपशील विरघळून जातो आणि छायाप्रकाशाचे मोठे, मऊ पट्टे तेवढे डोळ्यांत भरतात. चित्रकाराची नजर त्यांत उघड दिसते. परंतु त्या काळीं प्रकाश कागदावर उमटण्यास वेळ लागे. भिंगांची विशेष जुळणी करून नेग्रनें तो वेळ पुष्कळ कमी केला, तरीही समोरच्या माणसानें स्तब्ध राहणें आवश्यकच होतें. म्हणजे फिरत्या माणसाचें चित्र घेण्यासाठीं प्रथम त्याचें फिरणें थांबवावें लागलें. वाद्य हातांत राहिलें. वादन खंडित झालें.

यानंतर लंडनकडे वळूं. तेथें या वादकांवर वेगळाच प्रसंग आला होता. त्यांच्या आवाजानें कामांत व्यत्यय येतो अशी सुशिक्षितांची ओरड होती, आणि गणकयंत्राची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज हे गणिती तींत अग्रभागीं होते. बास नांवाच्या सभासदानें पार्लमेंटांत विधेयक आणलें, आणि १८६४ सालीं कायदा होऊन वादकाला आपल्या घरासमोरून घालवून देण्याचा गृहस्थाचा अधिकार अधिक बळकट झाला. अशा त्या शहरांत १८७७ सालीं जॉन टॉमसन व अॅडॉल्फ स्मिथ यांनीं लंडनच्या रस्त्यांवरील जीवनाविषयीं एक मासिक ग्रंथमाला सुरू केली. सयाम, कंबोडिया व चीन हे देश हिंडून आलेला टॉमसन चित्रें घेई आणि त्यांसोबत लेख असत. त्यांतील एक प्रकरण इटालियन वादकांचें आहे.

त्या लेखाचा एक मुद्दा मार्मिक आहे. इटालियन तरुणाचा सांवळा वर्ण आणि त्याच्याभोंवतीं असलेलें अद्भुततेचें वलय यांमुळें लंडनकरांच्या मनांत त्याच्याविषयीं जी ओढ उत्पन्न होते, ती तेथल्या स्वदेशी गरिबाच्या वांट्यास येत नाहीं. याचा अर्थ असा कीं, लोक सुरांइतकेच रूपाचेही पैसे देत होते. आतां टॉमसनच्या चित्राकडे पाहावें. तेंही त्या रूपावरच उभें आहे! लेखानें जें उघडें पाडलें, त्याचाच आश्रय शेजारच्या चित्रानें घेतला. मात्र एक न्याय या ग्रंथास दिलाच पाहिजे: चित्राला जें सांगतां येत नाहीं तें शब्दांनीं सांगावें लागतें, हें त्यानें ओळखलें होतें.

तिसरें चित्र पुन्हा पॅरिसचें आहे. युजेन आत्जे (१८५७–१९२७) हा पूर्वाश्रमींचा नट. जुनें पॅरिस नाहींसें होत चाललें असतां १८×२४ सेंटिमीटरच्या काचा व तिवई घेऊन तो रस्तोरस्तीं हिंडत असे. १८९८–९९ च्या सुमारास त्यानें ऑर्गन वाजविणारा एक दाढीवाला वृद्ध व त्याच्यासोबत गाणारी एक ठेंगणी स्त्री यांचें चित्र घेतलें. वृद्ध सरळ आपणांकडे पाहतो. त्याला कॅमेऱ्याची जाणीव आहे. ती स्त्री मात्र प्रसन्न मुद्रेनें वर पाहते आहे, जणूं वरच्या मजल्यावरील कोणी खिडकी उघडून ऐकत उभें आहे. चित्रांत श्रोता कोठेंही नाहीं. तरी तिच्या चेहऱ्यावरून तो असल्याचा भास होतो. नेग्रच्या चित्रांत जें थांबलें होतें, तें येथें पुन्हा सुरू झाल्यासारखें वाटतें.

चौथें चित्र १९२१ सालचें. हंगेरींतील अबोनी या गांवीं आंद्रे केर्तेस यानें एका आंधळ्या व्हायोलिनवाल्यास टिपलें. तोंवर कॅमेरा लहान व चपळ झाला होता. वादक वाजवीतच कच्च्या रस्त्यावरून चालला आहे, एक मुलगा त्याच्या सोबतीला आहे, आणि जवळच एक अगदीं लहान मूल उभें आहे. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रावरील आपल्या ग्रंथांत रोलां बार्त या फ्रेंच पंडितानें या चित्राचा विचार केला. त्याचें मन व्हायोलिनवर खिळलें नाहीं. खिळलें तें त्या मातीच्या रस्त्यावर. हंगेरी-रुमानियाच्या प्रवासांत पाहिलेलीं खेडीं त्याला अंगोपांगीं आठवलीं. टीका म्हणून हें सुंदर आहे. परंतु पाहणाऱ्याच्या आठवणी जाग्या झाल्या कीं वाजविणारा मागें पडतो, हा धोकाही त्यांतच आहे. तो आंधळा मनुष्य ज्या रस्त्यावरून पोटासाठीं चालला होता, तो रस्ता त्याला दिसत नव्हता. त्याचें जग कानांचें होतें, आणि त्याच्या चित्राची चर्चा झाली ती डोळ्यांची.

येथें कसोटी सांपडते. रेखीव मांडणी, छायाप्रकाश, मुद्रा यांचें मोल आहेच. परंतु रस्त्यावरील गवयाच्या चित्राला विचारावयाचा पहिला प्रश्न हा, कीं यांत कोणी ऐकत आहे काय? ऐकणें दिसलें तर मुक्या कागदावरही गाण्याची चाहूल लागते, आणि समोरचा मनुष्य नमुना न राहतां कलावंत ठरतो. ऐकणें नसेल तर उरतो तो केवळ फाटका वेश.

आत्जेच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह बेरेनिस अॅबट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनीं वांचविला, आणि १९६८ सालीं तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें विकत घेतला. चित्रें घेणाऱ्या चौघांचीं नांवें आज इतिहासांत आहेत. ज्यांचीं चित्रें घेतलीं त्यांतील एकाचेंही नांव त्या चित्रांच्या शीर्षकांत नाहीं. त्यांचे सूर जतन करणें छायाचित्राच्या शक्तीबाहेरचें होतें. नांव विचारून ठेवणें मात्र नव्हतें.